झाडांचे डॉक्टर सध्या अभ्यासिकेत बसलेत

तुमच्या ओळखीत कुणी एम.एस्सी. ॲग्री झालेलं असेल, तर दोन प्रश्न विचारून बघा. एम.एस्सी. कशात केलं? आणि सध्या अभ्यास कशाचा चाललाय? पहिल्याचं उत्तर येईल प्लांट पॅथॉलॉजी, कीटकशास्त्र, उद्यानविद्या असं काहीतरी. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'राज्यसेवा', नाहीतर 'एएफओ', म्हणजे बँकेतला ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसर. पहिल्या उत्तराचा दुसऱ्याशी काही संबंध आहे का, हा तिसरा प्रश्न शक्यतो विचारू नका. मी विचारला होता. चहा गार होईपर्यंत ऐकावं लागलं.

ऑगस्ट २०२४ मधलं पुण्यातलं आंदोलन आठवतंय? २५ ऑगस्टला राज्यसेवा पूर्वपरीक्षा होती आणि त्याच दिवशी आयबीपीएसचीही परीक्षा आली होती. परीक्षा पुढे ढकला, म्हणून मुलं-मुली शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसली. परीक्षा पुढे गेली, बातमी संपली. पण आंदोलनाची आणखी एक मागणी होती, कृषी सेवेच्या २५८ जागा याच परीक्षेत धरा. त्या मागणीकडे आपण, म्हणजे मीडियावाल्यांनी आणि बघणाऱ्यांनीही, 'आणखी थोड्या जागा' एवढ्याच नजरेनं पाहिलं. माझी फ्लॅटमेट त्या गर्दीत होती. तिनं डाळिंबाच्या मर रोगावर थिसिस केलाय. जागा २५८, आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेल्यांमध्ये झाडाचा रोग ओळखायला शिकलेले किती असतील, हा विचार माझ्या डोक्यात त्या वेळी आलाच नाही. तो आला नंतर, मामामुळे.

मामाची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. मागच्या वर्षी झाडं एकेक करून वाळायला लागली. आधी एक फांदी पिवळी, मग अर्धं झाड, मग सगळं. मामानं पानांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. (तुमच्याही ग्रुपवर येत असतील. 'गुड मॉर्निंग' आणि लग्नपत्रिकांच्या मधे.) तोपर्यंत गावातल्या दुकानातून चार गोष्टी आणून झाल्या होत्या: एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक 'बॅक्टेरियाची पुडी' आणि एक टॉनिक. झाडं वाळायची थांबली नव्हती.

मी फोन फ्लॅटमेटच्या हातात दिला. ती पॉलिटीचं पुस्तक उघडून बसली होती. तिनं पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मामा, पानं राहू द्या. जे झाड अर्धं वाळलंय ना, त्याचं खोड बुडापाशी आडवं कापा आणि त्याचा फोटो पाठवा." तासाभरानं फोटो आला. लाकडाच्या आत काळपट-तपकिरी पट्टे, मधून बाहेर पसरलेले, चांदणीसारखे. ती म्हणाली, "सेराटोसिस्टिस वाटतोय. पण खात्री करायला लॅब लागेल."

लॅबमध्ये काय करतात माहितीये? गाजराच्या चकत्या कापतात. त्यांच्यामध्ये त्या संशयित लाकडाचे तुकडे ठेवतात आणि थांबतात. ही बुरशी असेल तर गाजरावर वाढते, मग ती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. आमच्या फ्लॅटमध्ये गाजरं होती. बाकी काहीच नव्हतं.

आता यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे, की डाळिंबाचं झाड वाळण्याची कारणं अनेक आहेत. सेराटोसिस्टिस ही बुरशी एक. फ्युजेरियम दुसरी. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, हे तिसरं. खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा शॉट होल बोरर नावाचा भुंगेरा चौथं. आणि पाणी साचून मुळं गुदमरणं हेही असतंच. वरून झाड दिसतं सारखंच, वाळलेलं. इलाज मात्र वेगवेगळा. बुरशीनाशकानं सूत्रकृमी मरत नाही आणि कीटकनाशकानं पाण्याचा निचरा होत नाही. म्हणून दुकानदार चारही गोष्टी देतो. नेम धरून मारण्यापेक्षा मूठभर खडे फेकावेत तसं.

दुकानदाराला शिव्या घालून हा लेख संपवणं सोपं आहे. पण मामाला मी विचारलं, सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं झाडाचा तुकडा घेऊन का नाही गेलास? तो म्हणाला, "जाऊन येऊन दिस मोडतो. आणि दुकानवाला उधार देतो, पोरी. शास्त्रज्ञ देतो का?"

सगळी गोम या उधारीत आहे. दुकान सकाळी आठला उघडतं, दुकानदार नावानं ओळखतो, पीक निघेपर्यंत पैसे मागत नाही आणि सल्ला फुकट देतो. फुकट का? कारण सल्ल्याची किंमत बाटलीत धरलेली असते. कीटकनाशक विकायच्या परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आली आहे. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं २००३ मध्ये 'देसी' हा वर्षभराचा डिप्लोमा सुरू केला, तोही अनेकांनी केलाय. म्हणजे दुकानदार अडाणी आहे असं नाही. पण समजा त्याला नेमकं कळलं, की या रोगावर काही फवारायचंच नाहीये, तर तो विकणार काय?

आणि प्लांट पॅथॉलॉजी तर शिकवते नेमकं हेच.

डाळिंबाचाच दुसरा रोग घ्या, तेल्या. पानावर, फळावर तेलकट डाग पडतात आणि नंतर फळ तडकतं. हा बुरशीचा रोग नाही, झॅन्थोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा आहे. ओळखायची एक साधी पद्धत आहे. डागाच्या कडेचा पानाचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. कापलेल्या कडेतून दुधासारखा धूर निघताना दिसतो. तो धूर म्हणजे लाखो बॅक्टेरिया. दिसला तर साधं बुरशीनाशक मारून उपयोग नाही. तसेच दिसणारे बुरशीचे डागही डाळिंबावर येतात, म्हणून तर हे पाहायचं.

मग तेल्याला काय करायचं? उत्तरातल्या बऱ्याच गोष्टी दुकानात मिळतच नाहीत. रोगट बागेतून गुटी कलमं आणायची नाहीत, कारण रोग बहुतेकदा रोपासोबतच येतो. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना निर्जंतुक करायची. पडलेली पानं-फळं गोळा करून जाळायची. बागेला विश्रांती द्यायची. आणि जिथे तेल्या जास्त आहे, तिथे पावसाळ्यात फळं वाढणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरायचा. पाऊस आणि दमट हवा बॅक्टेरियाला मानवते, म्हणून पिकाचं वेळापत्रकच बदलायचं. क्लासमध्ये याला रोगाचा त्रिकोण म्हणतात: झाड, जंतू आणि हवामान. यातली एक बाजू काढली की रोग होत नाही. जंतू मारणं हा तीनपैकी एकच मार्ग झाला, पण बाटलीत भरता येतो तो तेवढाच.

ती 'बॅक्टेरियाची पुडी' काय असते, हेही जाणून घ्या, कारण ते तुमच्या-माझ्यापर्यंत येतं. डाळिंबावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन मारलं गेलं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक, ज्याच्या शोधासाठी वॉक्समन यांना १९५२ मध्ये नोबेल मिळालं. (गंमत म्हणजे तेल्याची भारतातली पहिली नोंदही १९५२ चीच, दिल्लीची.) अँटिबायोटिक शेतात असं फवारत राहिलं, तर त्याला दाद न देणारे जंतू तयार होतात. म्हणून केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये एक मसुदा काढला. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद, असं त्यात होतं. कागदावर ठीक आहे. पण 'पुडी नको' म्हटल्यावर 'मग काय?' हे बागेत उभं राहून कोण सांगणार?

सरकारी यंत्रणेत झाडाचा डॉक्टर शोधायला लागलात, तर कृषी विज्ञान केंद्रापाशी पोचाल. राज्यात अशी सुमारे ५० केंद्रं आहेत. एका केंद्रात एक प्रमुख आणि सहा विषयतज्ज्ञ असा मंजूर आकृतिबंध असतो. त्या सहांतला एक जण पीक संरक्षणाचा. रोगही त्यानंच बघायचे, किडीही त्यानंच. जागा भरलेली असेल तर. म्हणजे साधारण एका जिल्ह्याला एक, मोठ्या जिल्ह्याला दोन. राज्यात तालुके साडेतीनशेच्या वर आहेत, गणित तुम्हीच करा.

तालुका पातळीवर कृषी विभागाची माणसं आहेत, पण त्यांचा दिवस जातो योजना, अनुदानाचे अर्ज आणि पंचनाम्यांत. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं पिवळंधमक पडलं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाड लागण झालं की त्याला औषध नाही. माशी वेळीच आवरायची आणि सुरुवातीची रोगट झाडं उपटून टाकायची, एवढंच हातात असतं. पंचनाम्याचे आदेश निघाले तेव्हा ती वेळ टळून गेली होती. पंचनामा हे पोस्टमॉर्टेम आहे. पोस्टमॉर्टेमसाठी आपल्याकडे माणसं आहेत, ओपीडीसाठी नाहीत. सगळंच वाईट आहे असंही नाही. २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' नावाची कीड-रोग सर्वेक्षणाची योजना आहे, ठरावीक पिकांची नियमित पाहणी होऊन सल्ले निघतात. पण सर्वेक्षण सांगतं तालुक्यात काय चाललंय ते. मामाच्या सातव्या ओळीतलं झाड का वाळतंय, हे ते सांगू शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोटोवरून रोग ओळखणारी ॲप आहेत की. आहेत, आणि पानावरच्या डागांसाठी ती बऱ्यापैकी कामाचीही आहेत. मामाच्याही फोनमध्ये एक आहे. पण ॲप फोटोत जे आहे तेच बघतं. 'पान नको, खोड कापून दाखवा' असं सांगायला रोग माहीत असलेला माणूस लागतो.

हे सगळं एकट्या डाळिंबाचं असतं तर ठीक होतं. जळगावात २०२० मध्ये केळीवर कुकुंबर मोझॅकनं धुमाकूळ घातला, रावेर-यावलमध्ये शेतकऱ्यांनी लावलेली रोपं उपटून फेकली. हा विषाणू मावा पसरवतो आणि आजूबाजूच्या काकडीवर्गीय पिकांत, तणांतही तो राहतो. नंदुरबारच्या पपईला रिंगस्पॉटचा विषाणू, विदर्भाच्या संत्र्याला डिंक्या, कोकण-गोव्याच्या सुपारीला पावसाळ्यात कोळेरोग. आणि केळीवाल्यांची झोप उडवणारं नाव म्हणजे टीआर-४. ही मातीतली बुरशी आहे. एकदा जमिनीत शिरली की अनेक वर्षं राहते, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक केळ्यांची कॅव्हेंडिश जात तिच्यापुढे टिकत नाही. जळगावची ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातली. टीआर-४ बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडून काही वर्षं झाली.

डॉक्टर उशिरा आला की काय होतं, याची गोष्ट या विषयाच्या पुस्तकांत बहुधा सुरुवातीलाच असते. १८६९ मध्ये सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, कॉफीवर तांबेरा आला. इंग्रजांनी मार्शल वॉर्ड या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला पाठवलं ते १८८० मध्ये. त्यानं बुरशी कशी पसरते ते नीट शोधून काढलं, पण तोवर मळे हातचे गेले होते. मळेवाले चहाकडे वळले. सिलोन चहाच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. अगदी अलीकडचं हवं तर फ्लोरिडा बघा. १९९७-९८ मध्ये तिथे संत्र्याच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघायच्या. २००५ मध्ये सिट्रस ग्रीनिंग सापडला. २०२२-२३ मध्ये पेट्या राहिल्या सुमारे १.६ कोटी. वादळं, थंडी, बिल्डर हेही वाटेकरी आहेतच, पण मुख्य मारेकरी रोगच. त्याचा जंतू आणि तो पसरवणारी सिला कीड, दोघंही आपल्याकडच्या संत्रापट्ट्याला नवीन नाहीत.

तर मुद्द्याची गोष्ट. तुम्ही बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला असाल, किंवा बॉटनी घेऊन 'पुढे काय' म्हणत असाल, तर हा विषय घ्यावा का?

आधी रस्ता सांगते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. राज्याची सीईटी देऊन तिथे जाता येतं, आणि देशभरातल्या विद्यापीठांसाठी आयसीएआरची प्रवेश परीक्षा असते. बॉटनीवाल्यांना पारंपरिक विद्यापीठांत बुरशीशास्त्र आणि रोगशास्त्र हा स्पेशल विषय घेता येतो. पुण्यात असाल तर आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि अजरेकरांच्या नावाचं बुरश्यांचं हर्बेरियमही आहे. मी तीन वर्षं त्या रस्त्यानं कॉलेजला जात होते, आत काय आहे याचा पत्ता नव्हता.

दोन वर्षांत तुम्ही बुरशी, विषाणू, बॅक्टेरिया वेगळे करायला शिकता. रोगट झाडातून जंतू काढायचा, एकटा वाढवायचा, निरोगी झाडाला तो टोचायचा, तोच रोग आला का ते पाहायचं आणि त्यातून परत तोच जंतू काढून दाखवायचा. तेव्हाच म्हणायचं की हा आरोपी. फ्लॅटमेटच्या मते या पद्धतीनं माणूस कायमचा बिघडतो, कुणी काही छातीठोक सांगितलं की 'पुरावा काय' असंच तोंडातून निघतं. (तिच्यासोबत राहून मीही बिघडलेय. पत्रकारितेला हे बरं.)

नोकऱ्यांचं चित्र मात्र गुळगुळीत करून सांगणार नाही. प्राध्यापक, शास्त्रज्ञ व्हायचं तर नेट, पीएच.डी. आणि जागा निघण्याची वाट, आणि वाट हा यातला सगळ्यात लांब भाग. बियाणं कंपन्यांना रोगप्रतिकारक वाण तपासायला पॅथॉलॉजिस्ट लागतात. टिशू कल्चरच्या रोपांची विषाणू तपासणी करणाऱ्या लॅब आहेत, त्यासाठी २००६ पासून केंद्राची प्रमाणन पद्धत आहे. ट्रायकोडर्मासारखी जैविक बुरशीनाशकं बनवणारे कारखाने आहेत. सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती औषध कंपन्यांकडून, पण तिथे पदाचं नाव काहीही असलं तरी महिन्याअखेर विचारतात विक्रीचा आकडा.

आणि एक वाट हल्ली द्राक्ष-डाळिंब पट्ट्यात तयार होतेय, खासगी कन्सल्टंटची. नाशिक, सांगलीकडे बागायतदार एकराच्या हिशेबानं पैसे देऊन सल्लागार ठेवतात. इथे सल्ल्याला बाटलीपासून वेगळी किंमत आहे, म्हणून मला ही वाट सगळ्यात आशेची वाटते. पण गायीला तपासायचं तर १९८४ च्या कायद्यानं पशुवैद्यकाची नोंदणी लागते, आणि बागेचा कन्सल्टंट व्हायला कसलीच नोंदणी लागत नाही. त्यामुळे दोन वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घातलेली मुलगी आणि काल कंपनी सोडलेला सेल्समन, दोघांचं व्हिजिटिंग कार्ड एकसारखंच दिसतं. शिवाय हे परवडतं ते निर्यातीच्या बागायतदाराला. सोयाबीनवाल्याला नाही.

माझं मत विचाराल तर तालुक्याला एक पॅथॉलॉजिस्ट, एक सूक्ष्मदर्शक आणि गाजराच्या चकत्या, एवढंही आज मोठं वाटावं अशी अवस्था आहे. माणसं तयार करायला नवीन कॉलेज काढावं लागणार नाही, ती पुण्याच्या अभ्यासिकांत महिन्याचे पैसे भरून बसलीच आहेत. त्यांच्यातली जी परीक्षा पास होतील, ती बहुतेक फायलींत जातील. जी होणार नाहीत, ती पुढच्या वर्षी परत बसतील. यात त्यांची चूक मला दिसत नाही. पगार देणारी ओपीडीच नसेल, तर डॉक्टर कुठे बसेल?

विषय घेणारच असाल तर प्रवेशाआधी एक काम करा. त्या विभागात जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, थिसिसचे नमुने कुठून आणले? शेतातून आणले असतील तर तिथे जा. सगळं कॉलेजच्याच प्लॉटवर झालं असेल, तर गाईडशी आधी नीट बोलून घ्या.

मामाची वाळलेली झाडं काढून जाळली. एका झाडाचं पाणी दुसऱ्याकडे वाहू नये म्हणून मधे चर खणले. शेजारच्या झाडांना आळवणी केली, पण चारऐवजी नेमक्या औषधाची. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी हे सगळं केलंत ना, म्हणून फ्लॅटमेट त्याच्यावर फोनवर चिडली होती. मग एक दिवस मोडून तो सोलापूरला तुकडा घेऊन गेला. तिचा अंदाज बरोबर निघाला. बाग वाचली का, हे पुढच्या बहाराला कळेल.

ती सध्या मुख्य परीक्षेची तयारी करतेय. परवा रात्री तिचा फोन वाजला. मामा होता, मला वगळून थेट तिलाच. "मॅडम, अभ्यास चाललाय का? डाळिंबाचं नाही, शेजाऱ्याच्या लिंबाचं विचारायचं होतं. खोडातून डिंक येतोय. ते खोड कापून आणायला गेलेत, तोवर म्हटलं फोन करावा." ती किंचाळलीच, "मामा, थांबवा त्यांना! लिंबाचं कापायचं नसतं!"